जांभळा उजेड

हिंगोली
१८ जानेवारी २००३

नोमान,

तू परवा संतरामच्या बूथवर फोन केलास तेव्हा मी एका बाईचा मिक्सर उघडून बसले होते. तसंच टाकून पळत गेले, तोवर निम्मं तू संतरामलाच सांगून टाकलं होतंस. उरलेलं मला सांगता सांगता लाइन तुटली. म्हणून हे पत्र. मराठीतच लिहिते. तुझं उर्दू तिकडं आखातात, दम्मामला राहून पक्कं झालं असेल, माझं होतं तेवढंच राहिलं. शाळा आपण दोघांनी मराठीच केली.

मला समजलं ते असं. अब्बांनी कधीकाळी सरकारी लिलावात घेतलेल्या पेट्या, ज्यांच्यावर बसून आपण अभ्यास करायचो, त्यांतले बिनतारी यंत्राचे मोठे, काचेचे व्हॉल्व्ह आता परदेशात हौशी लोक शोधून राहिलेत. घरच्या घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधायचा, त्यात हे जुने व्हॉल्व्ह लावायचे आणि गाणी ऐकायची. तुझ्या ओळखीचा मुंबईचा व्यापारी सगळा माल उचलायला तयार आहे. माल तपासलेला पाहिजे. आणि माल चांगला निघाला तर तो तुला त्याच्या मुंबईच्या दुकानात भागीदार करून घेणार. म्हणजे तू दम्माम सोडून येणार.

हे शेवटचं मी संतरामला पुन्हा विचारून घेतलं. तो म्हणाला, "व्हय ताई, आसंच म्हनला. येतो म्हनला."

अब्बा ठीक आहेत. मागच्या गणपतीत अर्धांगवायू झाला तेव्हा मी लिहिलं होतं, त्याच्यापेक्षा बरे. उजवा हात आणि पाय अजून तसाच. सकाळी खुर्चीवर बसवून दुकानात आणते. बोलणं दोन-तीन शब्दांवर आलंय. "बराबर", "ठैर", "न्हाई". एवढ्यात माणसाचं भागतं, हे मला आत्ता कळलं.

तुमच्या दोघांत झालं ते उकरत नाही. तुला दुकानात केबलचं काम सुरू करायचं होतं, त्यांना रेडिओ आणि लाउडस्पीकर सोडून काही नको होतं. एवढ्यावरून बाप-लेक सहा वर्षं बोलत नाहीत, असं कुणा परक्याला सांगितलं तर तो हसेल. मी मात्र कधी हसले नाही.

तू येणार हे त्यांना सांगितलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं राग गेला नाही अजून.

पेट्या उतरवल्या आहेत. धूळ झाडून झाली की सुरुवात करते. मला रेडिओचे लहान व्हॉल्व्ह माहीत आहेत, हे हातभर लांबीचे कधी चालवले नाहीत. पण तू काळजी करू नको.

तुझी आपा,
रुबीना


हिंगोली
२ मार्च २००३

नोमान,

बकरीद झाली. शेजारपाजारचं आलं तेवढंच, आपल्या घरी काही केलं नाही. खुर्शीदबी फुफी साखऱ्याहून येऊन चार दिवस राहून गेली. तुझी आठवण काढून रडली आणि मग माझ्यामागं लागली. कशासाठी, ते तू ओळखशील. मी परभणीहून विधवा होऊन परत आले तेव्हापासून तिचं एकच बोलणं आहे.

आता कामाचं सांगते.

व्हॉल्व्ह नुसता पेटला म्हणजे चांगला, असं नसतं. पेटणारा व्हॉल्व्हसुद्धा मेलेला असू शकतो. आधी काच बघायची. आत काचेला चांदीसारखा डाग असतो, तो चकचकीत पाहिजे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर समजायचं हवा शिरली, बाजूला ठेवायचा. मग पेन्सिलीनं हलकी टिचकी मारून आत काही सुटलंय का ऐकायचं. मग दिव्याची तार तापवायची आणि तसाच बराच वेळ ठेवायचा, वर्षानुवर्षं झोपलेल्या माणसाला एकदम पळवत नाहीत तसं. आणि मग आतल्या पत्र्याला, प्लेटला वीज, हळूहळू चढवत, हजार व्होल्टच्या वर. हात लागला तर माणूस उरत नाही. म्हणून एक हात पाठीमागं ठेवून काम करायचं. मी डावा हात ओढणीत गुंडाळून कमरेला बांधते. अब्बांना बांधावं लागत नाही. मी हे म्हणाले तर ते हसले, नोमान. अर्ध्या तोंडानं, पण हसले.

एवढ्या दाबाची मांडणी माझ्याच्यानं झाली नसती. नांदेडचे परमेश्वरराव आहेत, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. त्यांना स्वतःलाच हे अ‍ॅम्प्लिफायर बनवायचं वेड आहे. अब्बांकडं पूर्वी सुटे भाग घ्यायला यायचे, तुला आठवत असतील, उंच, कानावर पेन ठेवणारे. त्यांनी त्यांचा जुना ट्रान्सफॉर्मर आणून दिला, वीज चढवायचा डिमरस्टॅट दिला, दोन दिवस बसून सगळं जोडून दिलं. मी विचारलं, "काका, एवढी तकलीफ काहून घेता?" तर म्हणाले, "पोरी, मला ह्याच्यातली एक जोडी दे, बास. आयुष्यभर आवाज ऐकला तो दुसऱ्यांच्या बोलण्याचा. आता जरा गाणं ऐकू दे."

शेवटची परीक्षा उजेडाची. प्लेटला वीज दिली की चांगल्या व्हॉल्व्हमध्ये काचेला कधी निळी झाक येते. ती चालते. पण आतल्या जाळीत जांभळा धूर भरल्यासारखा दिसला की व्हॉल्व्ह गेला. हे दोन रंग वेगळे ओळखायला अंधार लागतो आणि आपलं दुकान तर रस्त्यावर. म्हणून मेजावर काळं कापड टाकलंय. अब्बा खुर्चीतून पुढं वाकून त्यात डोकं घालतात. मी डिमरस्टॅटपाशी उभी राहून मीटरचा काटा वाचते. ते आतून सांगतात.

पहिल्या दिवशी त्यांनी एकामागून एक "न्हाई" म्हटलं. मी रडकुंडीला आले. पण अब्बा तसेच आहेत, तुला माहीत आहे. लाउडस्पीकरच्या कामात सुद्धा खरखर ऐकू आली तर भर लग्नात मशीन बंद करणारा माणूस.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सगळ्या पेट्या अशाच निघाल्या तर तू कसा येणार? सकाळी चहा देताना मी त्यांना हेच म्हणाले. म्हणायला नको होतं का, ते मला कळत नाही.

रुबीना


हिंगोली
२१ एप्रिल २००३

नोमान,

तुझा फोन आला, बरं वाटलं. तू घाई करून राहिलास ते समजतं. इथं दिवसाचे किती तास वीज जाते ते तिथं एसीच्या गारव्यात काम करणाऱ्याला सांगून कळणार नाही. असते तेव्हाही पंखा नुसता लोळतो. वीज पुरती असेल तेवढ्या वेळात तपासणी करायची आणि एरवी दुकान. लोकांना टेप दुरुस्त करून पाहिजे, टॉर्च पाहिजे, वीज गेल्यावर रेडिओ पाहिजे.

पण काम छान चाललंय. तू विचारलंस म्हणून सांगते, आता बहुतेक सगळे चांगले निघतात. पहिल्या पेटीचंच नशीब खराब होतं वाटतं. अब्बा कापडात डोकं घालतात आणि लगेच आवाज येतो, "बराबर." कधी कधी माझ्या मीटरचा काटा थांबायला पाहिजे तिथं थांबत नाही, हळूहळू वर सरकत राहतो. मी म्हणते, "अब्बा, काटा चढून राहिलाय." ते म्हणतात, "बराबर, बराबर." त्यांच्या कानांनी आणि डोळ्यांनी मी लहानाची मोठी झाले. मी पुढचा घेते.

परमेश्वरराव त्यांची जोडी घेऊन गेले. आनंदानं पिशवी छातीशी धरून एसटीत बसले, लेकरू धरल्यासारखी.

वारंगा फाट्याहून एक माणूस येऊन गेला. गफूर नाव. तिथं त्याचं टायरचं दुकान आहे. फुफीनं पाठवलं होतं. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. बोलायला साधा आहे. अब्बांना पाणी पाजायला उठला, मी न सांगता. मी त्याला म्हणाले, भाऊ येईपर्यंत माझ्याच्यानं काही सांगता येत नाही, अब्बांना टाकून मी कुठं जाणार? तो म्हणाला, "थांबतो की. घाई कशाची?"

हे तुला लिहायचं नव्हतं. लिहून झालं. खोडत नाही, कागद खराब होतो.

रुबीना


हिंगोली
१४ मे २००३

नोमान,

हे पत्र बसून वाच.

परमेश्वररावांच्या घरी आग लागली. त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बांधून पूर्ण केला आणि चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी गाणं लावून ते अंगणात दाढी करायला गेले. आपण दिलेल्या दोनांपैकी एक व्हॉल्व्ह बिघडला. आतली प्लेट लाल झाली, ट्रान्सफॉर्मर जळाला, तिथून पडद्याला लागलं. घरात त्यांची बायको जिवनबाई होती. तिनं धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि पडदा हातानं ओढून काढला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

मला कळलं तशी दुकान बंद करून अब्बांना संतरामच्या घरी सोडलं आणि नांदेडला गेले. वारंग्याला गाडी थांबली तेव्हा मी खिडकीच्या बाहेर बघितलं नाही.

जिवनबाई पलंगावर बसलेल्या, हाताला पट्टी. मीच रडायला लागले. त्या मला म्हणाल्या, "तुझं काय चुकलं माय? ह्यांचाच नाद हाय. म्हनं आवाज लई ग्वाड लागतो. मला तर रेडिओ आन् हे सारकंच लागतं." मग म्हणाल्या, "पर चार दिस ते घरात गुणगुणत व्हते. लगीन झाल्यापासून पयल्यांदा ऐकलं."

परमेश्वरराव एक शब्द वाकडा बोलले नाहीत. फुटका व्हॉल्व्ह कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "अजीजभाईंनी स्वतः बघितला होता ना?" मी हो म्हणाले. त्यांचा तो प्रश्न मी हिंगोलीपर्यंत घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी वीज आल्यावर, अब्बांनी पास केलेल्यांतला एक व्हॉल्व्ह लावला. त्यांना खुर्चीत मागंच बसू दिलं. वीज चढवून ठेवली, दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि कापडात मी डोकं घातलं.

जांभळा, नोमान. ओळखू न येण्यासारखं काही नव्हतं. जांभळाच्या रसानं जीभ होते तसा रंग, जाळीभर. दुसरा लावला, तोही. तिसरा चांगला निघाला. चौथा पुन्हा जांभळा.

मी बाहेर आले, वीज उतरवली आणि त्यांच्यासमोर खाली बसले. म्हणाले, "अब्बा, हे जांभळं आहे."

"बराबर," ते म्हणाले.

"बराबर न्हाई अब्बा. तुमी मला शिकवलंत हे जांभळं म्हणजे काय ते. तुमाला दिसत न्हाई का आता? डोळ्याला काही झालं का?"

मला खरंच वाटलं होतं, डोळे गेले. तसं असतं तर बरं झालं असतं. ते माझ्याकडं बघत राहिले. मग डावा हात उचलून त्यांनी दाराकडं दाखवला, रस्त्याकडं. तोंड वाकडं करून, खूप वेळ लावून म्हणाले, "नोमान... आता ना."

येतो ना, म्हणून.

त्यांना सगळं दिसत होतं. पहिल्या पेटीनंतर मी चहा देताना बोलले होते ते त्यांनी ऐकलं होतं. त्यानंतर कापडात डोकं घालून बसलेला हा माणूस, ज्यानं कधी खरखरणारा भोंगा वाजू दिला नाही, तो एकेका मेलेल्या व्हॉल्व्हला जिवंत म्हणत गेला. तुझ्यासाठी. ज्याच्याशी तो बोलत नाही त्याच्यासाठी.

मला त्यांचा राग आला नाही. कुणाचाच आला नाही. फक्त फार थकवा आला. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून बसले, गिऱ्हाईक येऊन परत गेलं तरी उठले नाही.

आता सगळं पुन्हा तपासते आहे, मी एकटी. तुला आत्ताच सांगून ठेवते, चांगले थोडे निघतील. व्यापाऱ्याला खरं सांग. तो समजूतदार असेल तर चांगले तेवढे घेईल.

रुबीना


हिंगोली
३ जून २००३

नोमान,

फोनवर तू ओरडत होतास आणि बूथमध्ये माणसं उभी होती, म्हणून मी काही बोलले नाही. आता बोलते.

तू म्हणालास, पिना घासून चकचकीत कर, नव्या खोक्यात भर, पाठवून दे, कोण बघून राहिलं? तू म्हणालास, असले व्हॉल्व्ह घेणारे निम्मे लोक ते शोकेसात ठेवतात. जिवनबाईंनी शोकेसात ठेवला नव्हता. आणि कोण बघणार, हे मला माहीत नाही. जपानात म्हण, जर्मनीत म्हण, कुणाच्या तरी घरात पडदा असेल, पडद्याजवळ कुणीतरी असेल.

तू असंही म्हणालास की आपाला मी यायला नकोय, आपाला दुकान पाहिजे. हे तू रागात म्हणालास असं मी धरते.

तुला काय वाटतं, मला मोह झाला नाही? वेगळे काढलेले खराब व्हॉल्व्ह दोन दिवस माझ्यासमोर होते. बाहेरून काही फरक दिसत नाही. त्याच काचा, तेच आकडे. मी पिना घासायला घेतल्याही होत्या, हातात पॉलिश पेपर होता. अब्बा मला बघत होते आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना.

मी उठले, मागच्या अंगणात गेले. खराब व्हॉल्व्ह पोत्यात घातले, वरून ओलं गोणपाट टाकलं आणि हातोड्यानं फोडले. सगळे. गोणपाटाखाली आवाज दबतो, तरी प्रत्येक काच फुटल्याचं कळतं. अब्बा आत बसून ऐकत होते. मधेच त्यांनी "ठैर" म्हटलं. मी थांबले नाही. पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, "ठैर, ठैर." मी थांबले असते तर पुन्हा हातोडा उचलला गेला नसता. मला माझाच भरवसा नव्हता, म्हणून तर फोडले.

आत गेले तेव्हा ते रडून राहिले होते. लहान मुलासारखं, आवाज करून. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या हातून घास घेतला नाही. संतरामच्या बायकोला बोलावलं, सखुबाईला, तिनं भरवलं.

व्यापाऱ्याचा माणूस येईल त्याला चांगले तेवढे देईन. प्रत्येकावर मी चिठ्ठी लावली आहे, मीटरचा आकडा आणि माझं नाव लिहून. काही खराब निघालं तर मला विचारा.

तुला दुःख झालं असेल. मलाही झालं. ह्याच्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

तुझी आपा


हिंगोली
२९ ऑगस्ट २००३

नोमान,

तुझा फोन नाही, पत्राचं उत्तर नाही. संतरामला रोज विचारायची मला आता लाज वाटते. तो मी विचारायच्या आतच मान हलवतो.

व्यापारी स्वतः आला होता. माल बघितला, चिठ्ठ्या वाचल्या. माणूस वाईट नाही. चांगले सगळे घेऊन गेला, कुरकुर केली नाही. पण तुझ्याबद्दल विचारलं तर म्हणाला, "बहेन, भागीदारीची बात सगळ्या पेट्यांवर होती." त्यात त्याचं काही चुकत नाही. मी त्याला चहा केला.

जिवनबाईंचा हात बरा झाला. कातडी ओढल्यासारखी राहिली आहे, पण पोळ्या लाटतात. परमेश्वरराव पुन्हा अ‍ॅम्प्लिफायर बांधून राहिलेत. ह्या वेळी जोडी मी तपासून दिली. घ्यायला आले तेव्हा जिवनबाईही बरोबर होत्या. नरसीला नामदेवाच्या दर्शनाला आलो म्हणाल्या. मला कळलं त्या कशाला आल्या होत्या. त्यांनी स्वतः कापडात डोकं घालून बघितलं, चांगला व्हॉल्व्ह कसा दिसतो ते. म्हणाल्या, "आता रंग वळखू येतो मला. घरात जांबळं दिसलं की आधी मेन पाडते आन् मंग ह्यांना."

परमेश्वररावांनी कुणाकुणाला सांगितलं वाटतं. औरंगाबादहून एकानं त्याचे व्हॉल्व्ह तपासायला पाठवले, मग पुण्याहून एकानं. पार्सलं येतात. मी बघते, चिठ्ठी लावते, परत पाठवते. काम आहे, बाकी काही नाही.

अब्बा आता माझ्या हातून जेवतात. पण मेजाजवळ यायला नको म्हणतात. खुर्ची रस्त्याकडं तोंड करून ठेवावी लागते.

गफूरचा निकाह झाला, मागच्या महिन्यात, कळमनुरीच्या मुलीशी. फुफी चिडली माझ्यावर. ती म्हणते मी निरोप द्यायला उशीर केला. मी निरोप दिलाच नव्हता. तू येणार नाहीस हे ठरल्यावर मी त्याला काय सांगणार होते? त्यानं थांबून बघितलं, हे पुष्कळ झालं.

तब्येत सांभाळ.

रुबीना


हिंगोली
७ डिसेंबर २००३

नोमान,

ईदच्या दुसऱ्या दिवशी तू फोन केलास. संतराम पळत आला. "ताई, दम्माम हाय. पर तुमाला न्हाई मागत. अजीजचाचाला मागतोय."

माझ्या हातातली सोल्डरची सळई खाली पडली. अब्बांना खुर्चीसकट न्यायचं म्हणजे दोन माणसं लागतात. एकीकडं संतराम, एकीकडं सखुबाई. मी पुढं धावले आणि तुला म्हणाले, "ठेवू नको, येऊन राहिलेत, ठेवू नको." तू हं म्हणालास. सहा महिन्यांनी तुझा आवाज ऐकला आणि तो नुसता हं.

बूथमध्ये खुर्ची जात नव्हती. संतरामनं फोन बाहेर ओढून घेतला, वायर पुरली कशीबशी. रिसीव्हर अब्बांच्या डाव्या हातात दिला. आम्ही तिघं बाजूला झालो. तू काय बोललास ते मी ऐकलं नाही, आणि विचारणारही नाही. मी एवढंच बघितलं की अब्बा ऐकत होते. तुझं बोलणं लांबत गेलं. एकदा त्यांनी तोंड उघडलं, काही येईना, तसंच मिटलं. त्यांचा श्वास तुला ऐकू येत असेल. आलेल्या फोनचे पैसे मिनिटांवर असतात, पण घड्याळाकडं कुणी बघितलं नाही. संतरामनं त्यावर हातरुमाल टाकला होता.

तुझं बोलून झालं तरी ते रिसीव्हर परत देईचनात. सखुबाईनं हळूच बोटं सोडवली आणि रिसीव्हर माझ्याकडं दिला.

त्या दिवसापासून काय सुरू झालंय ते सांगायला हे पत्र. दुपार कलली, असरची नमाज झाली की अब्बा दाराकडं बोट दाखवतात. डाव्या पायात चप्पल ते स्वतः सरकवतात, उजव्या पायात मी घालते. मग आम्ही त्यांना संतरामच्या दुकानासमोर नेऊन ठेवतो. दिवस मावळून मगरिबची अजान होईपर्यंत ते तिथं बसतात. फोन वाजला की मान वळवतात. दुसऱ्याचा निघाला की परत रस्त्याकडं बघतात. मी सांगितलं, अब्बा, रोज नाही येत फोन, दम्माम दूर आहे. त्यांना कळतं. तरी बसतात. संतराम म्हणतो, "बसू द्या ताई, दुकानाला शोभा हाय." तो माणूस माझ्यासाठी किती खोटं बोलतो.

डॉक्टरांनी छातीत पाणी झाल्याचं सांगितलं आहे. मी तुला हे लिहिणार नव्हते. जानेवारीत मी "अब्बा ठीक आहेत" लिहिलं होतं. आता ते लिहीत नाही.

तू मला विचारलंस ना शेवटी, मी फोन घेतला तेव्हा, की आपा, मी कोणत्या तोंडानं येऊ, माझ्याकडं दाखवायला काही नाही. लाइन खराब होती, मला ऐकू आलं नाही असं तुला वाटलं असेल. मला ऐकू आलं होतं. उत्तर आत्ता देते.

नोमान, दाखवायला कोण मागतंय? भागीदारी नको, सामान नको, टेपरेकॉर्डर आणि कांबळी घेऊन येतात लोक, तेही नको. एक तिकीट काढ आणि ये. नांदेडला उतर, पुढं एसटी आहे. कळवलं नाहीस तरी चालेल. संध्याकाळची गाडी मिळाली तर बरं, म्हणजे तू स्टँडवरून चालत येशील तेव्हा ते रस्त्यावरच बसलेले असतील, तुला घरात शिरावं लागणार नाही. तुझे दोन्ही हात रिकामे असू देत. त्यांना खुर्चीतून उचलायला दोन हात लागतात, आणि संतराम आता म्हातारा होत चाललाय.

तुझी
रुबीनाआपा